दोन तलवारी आणि लांब कान : ‘उसागी योजिंबो’मधील प्राणिसृष्टी आणि तोकुगावाकालीन समाज

प्रास्ताविक

पदवीच्या वर्गाला जपानच्या इतिहासाची तोंडओळख करून देताना सेकिगाहाराच्या लढाईपर्यंत विद्यार्थी उत्साहाने सोबत येतात. त्यानंतरचा तोकुगावा काळ (१६०३-१८६८) मात्र त्यांना नीरस वाटतो. लढाया संपलेल्या, सत्ता एकाच घराण्याकडे, आणि समाजरचना तर जणू तक्त्यात बसवलेली. हा कंटाळा घालवण्यासाठी प्रस्तुत लेखकाने एकदा स्टॅन साकाई यांच्या ‘उसागी योजिंबो’ या अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेतील काही पाने वर्गात दाखवली. पहिलाच प्रश्न आला, “सर, सामुराई ससा कशासाठी? माणूसच का नाही काढला?” ‘वाचकांना आवडावे म्हणून’ असे काहीतरी सांगून त्या दिवशी वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते. किंबहुना चुकीचेच होते. त्याच प्रश्नाचे थोडे अधिक जबाबदारीने दिलेले उत्तर म्हणजे हा लेख होय.

येथे मांडावयाचा मुद्दा असा : साकाई यांनी आपल्या कथाविश्वात कोणत्याही प्राण्याला सामाजिक दर्जा जोडून दिलेला नाही. सामुराई म्हणजे अमुक प्राणी आणि शेतकरी म्हणजे तमुक प्राणी, अशी वाटणी तेथे आढळत नाही. परिणामी पात्राच्या शरीरावरून त्याचा दर्जा ओळखण्याची सोय वाचकाला उरत नाही. त्याला पोशाख पाहावा लागतो, कमरेच्या तलवारी मोजाव्या लागतात, कोण कोणापुढे किती वाकतो आणि कोण कोठे बसतो याकडे लक्ष द्यावे लागते. प्रत्यक्ष तोकुगावा समाजातही दर्जा याच खुणांनी ओळखला जाई आणि कायद्याने याच खुणा राखल्या जात. म्हणजे ज्याला आपण ऐतिहासिक वास्तवाशी केलेली फारकत समजतो, ती कल्पनाच वाचकाला त्या वास्तवापाशी आणून सोडते.

लेखक आणि नायकाचा जन्म

साकाई यांचा जन्म १९५३ साली क्योतो येथे झाला आणि त्यांचे बालपण हवाई बेटांवर गेले. हवाईतील जपानी समाज हा मुख्यतः उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आलेल्यांचा. १८६८ मध्ये पहिली तुकडी आली आणि १८८५ पासून दोन्ही शासनांच्या संमतीने मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले. या समाजात जपानी चित्रपट पाहणे हा करमणुकीचा आणि मूळ देशाशी नाते टिकवण्याचाही एक मार्ग होता. साकाई यांनी बालपणी जवळच्या चित्रपटगृहात सामुराईपट भरपूर पाहिले. त्यांच्या लेखणीतला जपान हा अशा रीतीने दुरून, पडद्यावरून आणि पुढे ग्रंथांमधून घडलेला जपान आहे. ‘योजिंबो’ या शब्दाचा अर्थ अंगरक्षक. अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ च्या चित्रपटाचे हेच नाव. ‘उसागी’ म्हणजे ससा.

मुळात साकाई यांच्या मनात मियामोतो मुसाशी (मृत्यू १६४५) या विख्यात तलवारबहाद्दराच्या जीवनावर चित्रकथा रचण्याचे होते आणि तिच्यातील पात्रे माणसेच असणार होती. रेखाटने करताना त्यांनी एकदा ससा काढला, त्याचे लांब कान डोक्यावर सामुराईच्या केसांच्या गाठीसारखे बांधले आणि ती आकृती त्यांना सोडवेना. मियामोतो मुसाशीचा अशा प्रकारे मियामोतो उसागी झाला. १९८४ मध्ये ‘अल्बेडो’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात तो प्रथम अवतरला. १९८७ मध्ये त्याच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले आणि प्रकाशक बदलत ती मालिका चार दशके चालत आली.

या प्रसंगातील एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. कान हा निसर्गाने दिलेला अवयव, तर केसांची गाठ ही समाजाने घालून दिलेली रीत. साकाई यांनी निसर्गाचा अवयव घेऊन त्याची सामाजिक खूण केली. मेइजी शासनाने १८७१ मध्ये ही गाठ कापण्यास मोकळीक दिली आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी केली, तेव्हा काही वर्षांतच सामुराई रस्त्यावर ओळखू येईनासा झाला. उसागीला ती सोय नाही, हा विनोद बाजूला ठेवला तरी केशरचनेवर आणि शस्त्रावर एक संपूर्ण वर्ग कसा उभा होता, हे त्यावरून सहज ध्यानात येते.

प्राणिपात्रांच्या परंपरा

प्राण्यांना माणसांसारखे बोलते करण्याची रीत मराठी वाचकाला नवीन नाही. पंचतंत्र आणि हितोपदेश तर आपल्याकडे होतेच. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘इसापनीतिकथा’ १८२८ मध्ये छापून आल्यापासून कोल्हा, कावळा आणि सिंह शालेय मराठीचे कायमचे रहिवासी झाले. या परंपरेत प्राणी म्हणजे स्वभाव. कोल्हा म्हटले की कावा आणि गाढव म्हटले की मूर्खपणा हे ठरलेले. कथाकाराला पात्राची ओळख करून देण्याचे कष्टच पडत नाहीत.

दुसरी परंपरा आधुनिक आहे. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’मध्ये (दोन खंड, १९८६ व १९९१, पुलित्झर विशेष पुरस्कार १९९२) ज्यू उंदीर आहेत आणि जर्मन मांजरे. येथे प्राणी म्हणजे समूह. नाझींनी ज्यूंना मानवेतर ठरवले होते. स्पीगलमन तीच प्रतिमा उचलून तिच्या आतून तिचा फोलपणा दाखवतात. ज्या काळात माणसाचे मरण त्याच्या जन्मावरून ठरत होते, त्या काळाविषयी बोलण्यासाठी ही योजना समर्पक आहे.

साकाई यांचा मार्ग या दोहोंहून वेगळा. त्याला जवळचे उदाहरण शोधायचे तर क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या ‘चोजू-गिगा’ या चित्रगुंडाळ्यांकडे जावे लागेल. बाराव्या-तेराव्या शतकांतील या शाईच्या चित्रांत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात, धनुर्विद्येचा सराव करतात आणि माकड भिक्षूच्या वेषात बेडूकरूपी बुद्धापुढे पाठ म्हणते. मजकूर एका अक्षराचाही नाही. तेथेही गंमत प्राण्याच्या स्वभावात नसून त्याच्या कृतीत आणि वेषात आहे. साकाई यांनी हीच चित्रे समोर ठेवली होती असा दावा येथे करावयाचा नाही. असे चित्रण जपानी डोळ्याला परके नव्हते, एवढेच.

सशाविषयी आणखी थोडे. आपल्या भाषेत चंद्राला शशांक म्हणतात आणि जपानी लोकसमजुतीत चंद्रावरचा ससा तांदळाचे पीठ कांडत असतो. ही दोन टोके जोडणारा दुवा बौद्ध आहे. शश जातकातील बोधिसत्त्व ससा अतिथीला देण्यासाठी दुसरे काही नाही म्हणून स्वतःच अग्नीत उडी घेतो आणि शक्र त्याची आकृती चंद्रावर रेखतो. ही कथा जपानमध्ये बाराव्या शतकातील ‘कोन्जाकु मोनोगातारीशू’ या संग्रहात पोचलेली आढळते. जपानी वाङ्मयातील ससा हा अशा प्रकारे केवळ भित्रा प्राणी नाही. तरीही उसागीच्या शौर्याचे कारण साकाई या परंपरेत शोधत नाहीत. तो शूर आहे, कारण कात्सुइची नावाच्या एकांतवासी सिंहाकडे त्याने वर्षानुवर्षे तलवारीचे शिक्षण घेतले आहे. सिंहाने सशाला शस्त्रविद्या शिकवावी, हे पंचतंत्राच्या चौकटीत बसणारे नाही. तेथे ससा सिंहाला विहिरीत ढकलूनच मोकळा होतो.

सृष्टीचे नियम

सगळी पात्रे प्राणी असतील तर खरे प्राणी कोठे गेले, हा प्रश्न अशा प्रत्येक कथाविश्वाला सोडवावा लागतो. साकाई यांचे उत्तर साधे आहे. घोडा त्यांनी घोडाच ठेवला. तो ओझे आणि स्वार वाहतो. रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांची आणि उकिरडा उकरणाऱ्या लहानसहान जनावरांची जागा मात्र ‘तोकागे’ नावाच्या सरड्यांना दिली आहे. लांब मानेचे, आदिम सरपटणाऱ्या प्राण्यांची आठवण करून देणारे हे सरडे छपरांवर, झाडांवर आणि बाजारात कोठेही दिसतात. त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि म्हणूनच ती सृष्टी वसलेली वाटते.

जपानी इतिहासाच्या अभ्यासकाला येथे पाचवा शोगुन त्सुनायोशी (कारकीर्द १६८०-१७०९) आठवल्याशिवाय राहत नाही. प्राणिमात्रांवर दया करण्याविषयीच्या त्याच्या आज्ञांपायी एदो शहरातील भटक्या कुत्र्यांसाठी नाकानो येथे सरकारी खर्चाने मोठे आश्रयस्थान उभारावे लागले आणि कुत्र्याला इजा करणाऱ्या माणसांना जबर शिक्षा झाल्या. लोकांनी त्याला ‘कुत्रा शोगुन’ हे नाव दिले. उसागीच्या कथा त्याच्या बऱ्याच आधीच्या काळातल्या आहेत. पण माणूस आणि प्राणी यांच्यातील रेषा कोठे आखायची हा प्रश्न तोकुगावा राज्यकर्त्यांपुढे अगदी व्यावहारिक रूपात उभा राहिला होता, एवढे यावरून दिसते.

साकाई यांच्या प्राण्यांची निवड जपानच्या जंगलापुरती मर्यादित नाही, हेही नोंदवले पाहिजे. तरुण दाइम्यो (सरंजामी अधिपती) नोरियुकी हा पांडा आहे आणि उसागीचा मित्र गेन हा गेंडा. दोन्ही प्राणी जपानचे नव्हेत. त्यामुळे प्राणी हा प्रदेशाचाही निदर्शक राहत नाही. प्रदेशाचे काम घरांची छपरे, सरकत्या भिंती, भातखाचरे आणि महामार्गावरील धर्मशाळा करतात. या तपशिलांबाबत साकाई विलक्षण काटेकोर आहेत. पतंग कसा बांधतात, तलवारीचे पोलाद कसे घडवतात आणि चहापानाचा विधी कोणत्या क्रमाने होतो, हे दाखवण्यासाठी ते पानेच्या पाने देतात आणि तेवढा वेळ कथेला थांबवतात. काही दीर्घकथांना त्यांनी टिपा आणि वाचलेल्या ग्रंथांची यादीही जोडली आहे. आपल्याकडील कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांना हे सौजन्य सुचलेले नाही.

दर्जाच्या खुणा

कथांचा काळ सतराव्या शतकाचा प्रारंभ. उसागी हा एका गावच्या न्यायाधिकाऱ्याचा मुलगा. शिक्षण संपल्यावर तो मिफुने या अधिपतीच्या सेवेत शिरतो. आदाचीच्या मैदानावर मिफुने आणि हिकिजी यांच्यात लढाई होते. ऐन लढाईत मिफुनेचा सेनापती तोदा शत्रूला मिळतो आणि मिफुने मारला जातो. उसागी धन्याचे मस्तक घेऊन निसटतो आणि अरण्यात ते पुरतो. या क्षणापासून तो रोनिन, म्हणजे बिनधन्याचा सामुराई.

ही लढाई काल्पनिक असली तरी तिच्यामागचा नमुना उघड आहे. २१ ऑक्टोबर १६०० रोजी सेकिगाहारा येथे इशिदा मित्सुनारी आणि तोकुगावा इएयासु यांची सैन्ये भिडली असता कोबायाकावा हिदेआकी याने पक्ष बदलला आणि दिवसाचा निकाल फिरला. मस्तकाचा प्रसंगही कल्पनेचा अतिरेक नाही. मारलेल्या प्रतिष्ठित शत्रूंची मस्तके धुऊन, नावाची चिठ्ठी लावून विजेत्यासमोर पाहणीसाठी मांडण्याची रीत होती. उसागी धन्याला त्या पाहणीपासून वाचवतो. पराभवानंतर अनेक घराण्यांच्या जहागिरी जप्त झाल्या किंवा घटवल्या गेल्या आणि त्यांचे पदरचे लोक रस्त्यावर आले. १६१४-१५ च्या ओसाका वेढ्यात यांतील कित्येक जण तोयोतोमी पक्षाकडून लढले आणि पुन्हा हरले. हा प्रश्न इतका चिघळला, की १६५१ मध्ये युई शोसेत्सु याच्या नेतृत्वाखाली रोनिनांचा कट उघडकीस आला. उसागीची पायपीट ही या हजारोंच्या पायपिटीचेच एक रूप आहे.

त्याचे हे रोनिनपण चित्रांतून कळते ते कसे? दोन तलवारींवरून. तोयोतोमी हिदेयोशी याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला आणि १५९१ मध्ये सैनिकाने शेतकरी वा शहरवासी होण्यास मनाई केली. पुढे सतराव्या शतकात टप्प्याटप्प्याने सर्वसामान्यांना लांब तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि लांब-आखूड अशा दोन तलवारींची जोडी हे सामुराईचे अधिकृत चिन्ह ठरले. पाठ्यपुस्तकांतील ‘योद्धा, शेतकरी, कारागीर, व्यापारी’ ही चौपदरी मांडणी चिनी ग्रंथांतून आलेला आदर्श होय, प्रत्यक्ष कायद्यात तशी काटेकोर उतरंड नव्हती, असे आता अभ्यासक मानतात. योद्धे एकीकडे, शेतकरी व शहरवासी दुसरीकडे, आणि या सर्वांबाहेर ढकललेले बहिष्कृत समूह, असे तिचे खरे स्वरूप होते. ती टिकवण्यासाठी वस्त्र, शस्त्र, घर आणि वाहन यांवर एकामागून एक निर्बंध काढावे लागले. फरक नैसर्गिक असता तर इतके हुकूम लागले नसते.

गेनचे उदाहरण येथे बोलके आहे. तो सामुराई कुळात जन्मला. त्याच्या बापाने धन्याच्या सूडापायी संसार वाऱ्यावर सोडला आणि आईचे हाल झाले. त्या अनुभवाने गेनने सामुराईपणाचा त्याग केला आणि बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणे हा धंदा पत्करला. गेंडा तोच, पोशाख आणि बोलणे मात्र बदललेले. भोजनगृहात उसागीच्या नावावर खाणेपिणे लावून निसटून जाणे ही त्याची नेहमीची खोड. शरीर स्थिर आणि दर्जा चल, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

पात्रांची निवड

झातो-इनो हे रानडुकराचे पात्र साकाई यांच्या पद्धतीचा सर्वांत चांगला नमुना आहे. जपानी चित्रपटांत झातोइची हा आंधळा मालीशवाला तलवारबाज १९६२ पासून लोकप्रिय होता. ‘झातो’ ही अंध पुरुषांच्या अधिकृत संघातील एक पदवी. तोकुगावा काळात या संघाला वादन, मालीश व सावकारी यांबाबत विशेष अधिकार होते. साकाई यांनी हे पात्र घेतले आणि त्याला डुकराचे नाक दिले. डोळे नाहीत, पण वासावरून तो शत्रू हेरतो. येथवर प्राण्याचा गुण कामाला येतो. पुढे उसागीशी झालेल्या झुंजीत त्याचे नाकच तुटते आणि लाकडी नाक लावून फिरण्याची वेळ येते. साकाई यांनी प्राण्याचा नैसर्गिक गुण दिला आणि लगेच काढूनही घेतला. उरतो तो शासनाने पाठलाग चालवलेला, शांतपणे जगू देण्याची विनवणी करणारा एक अंध मनुष्य. तोकागेच्या जातीचा स्पॉट नावाचा एक सरडा काही काळ त्याची सोबत करतो. त्या दोघांची पाने वाचताना आपण डुक्कर आणि सरडा पाहत आहोत, हे विसरायला होते.

तोमोए आमे ही नोरियुकीची अंगरक्षक मांजर आहे. तिचे नाव बाराव्या शतकातील युद्धकथांमध्ये गाजलेल्या तोमोए गोझेन या स्त्रीयोद्ध्यावरून घेतलेले. उसागीच्या बरोबरीने लढणारी आणि पदाने त्याच्याहून वरचढ असलेली ही स्त्री सरदाराच्या इच्छेपुढे मात्र असहाय ठरते. निरीक्षक इशिदा हे पात्र तर जपानबाहेरून आले आहे. होनोलुलु पोलिसांतील चांग अपाना (१८७१-१९३३) या चिनी वंशाच्या शोधकावरून ते बेतलेले आहे. साकाई यांनी आपल्या बालपणीच्या बेटावरील माणसाला एदोकालीन पोशाख चढवला. हा कालविपर्यास दोष म्हणून दाखवता येईल. प्रस्तुत लेखकाला तो स्थलांतरिताच्या स्मृतीचा प्रामाणिक नमुना वाटतो.

‘जात’ हा शब्द

हे विवेचन मराठीत करताना एक अडचण सतत जाणवते. ‘जात’ या शब्दाने आपण मांजर आणि गेंडा यांतील भेद सांगतो आणि त्याच शब्दाने माणसामाणसांतील भेदही. प्राण्यांच्या जाती आणि माणसांच्या जाती यांत भाषा काही फरक ठेवत नाही. शतकानुशतके एक सामाजिक व्यवस्था निसर्गाची व्यवस्था म्हणून वावरली, याची साक्ष आपला शब्दकोशच देतो.

या गोंधळावर बोट ठेवणारी परंपराही मराठीतच आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) मत्स्य, कच्छ, वराह व नृसिंह या अवतारांना आक्रमक टोळ्यांच्या नायकांची टोपणनावे मानून त्यांचा अर्थ लावला. प्राण्याचा मुखवटा उतरवा म्हणजे त्यामागे सत्तेचा इतिहास सापडेल, अशी ती रीत होती. त्यांच्या तपशिलांशी आजचे संशोधन सहमत असो वा नसो, रीत म्हणून ती मूलगामी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये स्पष्ट केले, की जात ही वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे. साकाई यांना हा वाद ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु मराठी वाचकाने त्यांची पाने उघडली, तर त्याला प्रथम जाणवते ते हेच, की येथे प्राण्याची जात आणि माणसाचा दर्जा या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून ठेवल्या आहेत. वर्गात ही पाने दाखवताना ‘यांतला वरचा कोण ते ओळखा’ असा प्रश्न विचारून पाहावा. मुले आधी आकाराने मोठ्या आणि हिंस्र प्राण्याकडे बोट दाखवतात आणि चुकतात.

योजनेतील भेगा

ही योजना सर्वत्र सारखी टिकते असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. निन्जा टोळ्यांच्या बाबतीत ती सरळच मोडते. मांजरांची टोळी वेगळी, वटवाघळांची वेगळी, चिचुंद्र्यांसारख्या भुयारी प्राण्यांची वेगळी. येथे जन्म, शरीर आणि धंदा एकत्र बांधले गेले आहेत. कथेच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण वटवाघळाला उडता येते आणि मांजर छपरावर चढते. पण याच ठिकाणी साकाई नकळत इसापाकडे परततात. कित्सुने या चोरटीबद्दलही हेच. कोल्ह्याच्या मायावीपणाविषयी जपानमध्ये असंख्य समजुती आहेत आणि लेखकाने त्या आयत्या वापरल्या. उसागीच्या जन्मगावची मंडळी ससेच आहेत, हेही विसरता येत नाही.

सर्वांत विचित्र गोष्ट खलनायकाची. हिकिजी हा सुरुवातीच्या कथेत चक्क माणसाच्या चेहऱ्याने येतो. प्राण्यांच्या जगात एकटा माणूस, आणि तोच सर्वांत क्रूर! पुढे साकाई यांनी त्याचा चेहरा दाखवणे टाळले. सत्ता हिकिजीची, तिची झळ गावोगाव, परंतु तो स्वतः चौकटीबाहेर. या बदलाने कथाविश्वातील विसंगती झाकली गेली, तशी इतिहासदृष्ट्या एक चांगली गोष्टही झाली. दूरच्या सत्ताधीशाला शेतकरी कधी पाहत नसे, त्याचे करवसूल करणारे मात्र दारात येत.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. उसागी जी सामुराई-नीती पाळतो, ती सतराव्या शतकाच्या प्रारंभी अशा सुघटित रूपात अस्तित्वात होती का? ‘बुशिदो’ या नावाने जगभर पोचलेली कल्पना मोठ्या प्रमाणात उत्तरकालीन आहे. ‘हागाकुरे’ १७१६ च्या सुमाराचे, तर इनाझो नितोबे यांचे इंग्रजी पुस्तक १९०० चे, पाश्चात्त्य वाचकासाठी लिहिलेले. विसाव्या शतकात लष्करशाहीने याच नीतीचा आधार घेऊन किती माणसे मरणाच्या दारी धाडली, हे सर्वश्रुत आहे. प्राण्याचा चेहरा येथे धोकादायक ठरू शकतो, कारण गोंडस सशाच्या हातून पडलेले प्रेत वाचकाला टोचत नाही. साकाई रक्त जवळजवळ दाखवत नाहीत; मरणाऱ्याच्या तोंडून कवटीच्या आकाराचा एक लहानसा फुगा निघतो आणि विषय संपतो. एवढी प्रेते पडूनही आपण पान उलटतो ते या सोयीमुळे. उलट ‘हिडन’ सारख्या कथेत, जेथे १६१४ नंतरच्या ख्रिस्ती छळाची छाया आहे, ही सोय कमी पडते आणि लेखकाला ते जाणवलेले दिसते. तेथे वेग मंदावतो आणि मृताचे सामान, त्याचा विश्वास, त्याने जपलेले पुस्तक यांकडे नजर वळते.

इतिहासाचे कुंपण

कल्पित विश्व रचणाऱ्याला स्वातंत्र्य असते, असे आपण गृहीत धरतो. ‘ग्रासकटर’ या दीर्घकथेत (१९९९ चा आयस्नर पुरस्कार) साकाई यांनी हे स्वातंत्र्य कोठे संपते ते दाखवले आहे. जपानच्या तीन राजचिन्हांपैकी कुसानागी ही तलवार ११८५ मध्ये दान-नो-उराच्या नाविक युद्धात बालसम्राट अंतोकूबरोबर समुद्रात बुडाली, अशी परंपरा आहे. कथेत ती वर निघते. तिच्या बळावर सम्राटाची सत्ता पुन्हा उभी करून शोगुनशाही उलथवण्याचा दरबारी उमरावांचा कट असतो. तलवार उसागीच्या हाती लागते आणि त्याच्यासमोर प्रश्न येतो तो अभ्यासकाच्याही परिचयाचा आहे : ही वस्तू सम्राटाला दिली तर यादवी पेटेल, शोगुनला दिली तर जुलूम पवित्र ठरेल आणि हिकिजीच्या हाती पडली तर दोन्ही.

ससे, गेंडे आणि मांजरी यांच्या जगात काहीही घडू शकले असते. सम्राट १८६८ ऐवजी अडीचशे वर्षे आधीच सत्तेवर आला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. साकाई तसे करत नाहीत. नोंदलेला इतिहास जसा आहे तसाच राहिला पाहिजे, हे कुंपण त्यांनी स्वतःभोवती घातले आहे. उसागी, गेन आणि सान्शोबो हा पूर्वाश्रमीचा सामुराई असलेला पुरोहित मिळून ठरवतात, की तलवार गुपचूप आत्सुता येथील देवस्थानात पोचवायची. वाटेत माणसे मरतात, ज्यांची नोंद कोणत्याही बखरीत होणार नाही. खरी कुसानागी आत्सुता येथेच आहे असे त्या देवस्थानाची परंपरा आधीपासून सांगतच होती. म्हणून ती तेथे पोचल्यावर बाहेर कोणाला काही बदलल्याचे कळत नाही आणि उसागी दोन तलवारी कमरेला खोचून पुन्हा रस्त्याला लागतो.